बाल्कनी हवी, पण कोणाच्या खोलीला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एक वाचक लिहितात : सासू-सासऱ्यांच्या लग्नाला येत्या डिसेंबरात ५० वर्षं होताहेत. त्यानिमित्त सहा जणांची सिंगापूर–पेनांग–फुकेत–सिंगापूर अशी चार रात्रींची क्रूझ ठरवली आहे. सासरे ७६ वर्षांचे, सासूबाई ७२, आम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा. दोन इनसाइड केबिन बुक केल्यात. एकीत आई-बाबा, दुसरीत आम्ही चौघं. आता टूर कंपनीचा फोन आलाय की मोठ्यांचे प्रत्येकी १८,००० आणि मुलांचे प्रत्येकी ९,००० भरले, तर दोन्ही केबिन बाल्कनीच्या मिळतील. एकूण ९०,००० रुपये. नवरा म्हणतो, ‘खोलीत बसायला का जहाजावर चाललोय?’ बाबा म्हणतात, ‘आमच्यासाठी उगाच खर्च नको.’ आईंना घाटात गाडी लागते, त्यामुळे खिडकीही नसलेल्या खोलीत त्यांना कोंडल्यासारखं होईल अशी मला धास्ती वाटते. पन्नासावं वर्ष एकदाच येतं, पण ९० हजारही थोडे नाहीत. काय करावं?

नमस्कार,

टूर कंपनीने आकडा सांगितला तो दोन्ही खोल्यांचा, आणि तुम्हीही विचार करताय तो दोन्ही खोल्यांचाच. पण केबिन दोन आहेत, बुकिंग दोन आहेत, आणि त्यांत राहणारी माणसं तर अगदीच वेगळी आहेत. एक खोली बदलून दुसरी तशीच ठेवता येते. ते सोयीचं नसल्यामुळे एजंट आपणहून सुचवत नाही, एवढंच. तेव्हा ९० हजारांचा प्रश्न बाजूला ठेवून आपण दोन वेगळे प्रश्न बघू : आई-बाबांच्या खोलीचे ३६,००० आणि तुमच्या चौघांच्या खोलीचे ५४,०००.

‘चार रात्री, पाच दिवस’ असं पत्रकात छापलेलं असतं, पण खोली प्रत्यक्षात किती वेळ तुमची असते ते मोजून बघा. पहिल्या दिवशी ती दुपारी तीनच्या सुमारास हातात येते आणि पाचव्या दिवशी सकाळी आठच्या आसपास रिकामी करावी लागते. म्हणजे साधारण ८९ तास. त्यातले ३२ तास झोपेचे. पेनांग आणि फुकेतला सात-सात तास बाहेर धरले तर १४ गेले. जेवणं, चहा, रात्रीचा कार्यक्रम यांचे सगळे मिळून १८ धरा. उरले २५ तास. या २५ तासांत कोण कुठे असेल? मुलं पोहायच्या तलावावर, खेळांत, आइस्क्रीमच्या रांगेत. त्यांच्या मागे तुम्ही दोघं. तुमच्या खोलीच्या वाट्याला जागेपणीचे फार तर सहा तास येतील. म्हणजे ५४,००० भागिले सहा, तासाला ९,००० रुपये. शहात्तर वर्षांचा माणूस मात्र जेवण झाल्यावर खोलीकडेच वळतो. दुपारची विश्रांती, औषधांच्या वेळा, गर्दीचा शीण आणि ‘तुम्ही जा, आम्ही बसतो इथे’ हे सगळं धरलं तर ते २५ तास बहुतेक त्या खोलीतच जातील. ३६,००० भागिले २५, दोघांना मिळून तासाला साधारण १,४५० रुपये. तुमच्या यजमानांचं म्हणणं त्यांच्या स्वतःच्या खोलीपुरतं अगदी खरं आहे. आई-बाबांच्या खोलीला ते लागू पडत नाही.

बाबांच्या ‘नको’बद्दल थोडं बोलायला हवं. आपल्याकडे त्या पिढीला ‘बाल्कनीची खोली घेऊ का?’ असं विचारलं तर उत्तर एकच येणार, कारण त्यांच्या कानावर प्रश्नातले पैसेच पडतात. ते ‘नको’ खर्चाला असतं. प्रश्न बदलून विचारा : ‘बाबा, दुपारी आम्ही मुलांबरोबर तलावावर असू, तेव्हा तुम्ही दोघं काय कराल?’ ‘आम्हीही वर डेकवर येऊन बसू, माणसं बघू’ असं मनापासून उत्तर आलं, तर बाल्कनीची गरज नाही. गोतावळ्यात रमणारे आजोबा असतात, आणि त्यांना बंद खोलीतला समुद्र नको असतो. ‘आम्ही जरा पडू’ असं उत्तर आलं, तर मात्र खोली बदला.

आता आईंचं गाडी लागणं. बाल्कनी घेतली की मळमळ होत नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर खोलीचा प्रकार हा नंतरचा मुद्दा आहे. आधी बघायची ती खोलीची जागा. ताम्हिणी घाटात बसच्या मागच्या सीटवर जास्त त्रास होतो आणि मधल्या सीटवर कमी, त्याचं कारण जहाजालाही लागू आहे. लाटांवर जहाजाची दोन्ही टोकं वर-खाली होतात आणि मधला भाग सगळ्यांत कमी हलतो. तसंच जितकं वर जाल तितका डावी-उजवीकडचा झोका मोठा. म्हणून लांबीच्या मध्यावरची आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावरची खोली ही मळमळणाऱ्या माणसासाठी सर्वांत चांगली, मग तिला खिडकी असो वा नसो. बाल्कनीच्या खोल्या मात्र बहुधा वरच्या मजल्यांवर असतात. पुढच्या टोकाला, वरच्या मजल्यावर मिळालेली बाल्कनी आईंसाठी मधल्या इनसाइडपेक्षा वाईट ठरू शकते. जहाजाला बाजूंनी पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते कडेचा झोका कमी करतात. टोकांच्या वर-खाली होण्यावर त्यांचा फारसा उपयोग नाही.

दिलासा हा की तुमचा मार्ग आणि महिना दोन्ही चांगले आहेत. मलाक्काच्या सामुद्रधुनीला एका बाजूला सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूला मलेशियाचं द्वीपकल्प असल्याने तिथे उघड्या महासागरासारख्या लाटा उठत नाहीत. फुकेतचा अंदमान समुद्र मे ते ऑक्टोबरात खवळतो. डिसेंबरात तो बहुतेक शांत असतो. तीनशे मीटर लांबीचं जहाज अशा पाण्यात इतकं कमी हलतं की रात्री पाण्याचा पेला टेबलावर तसाच राहतो. तरीही आईंसाठी तयारी ठेवा : आलेपाकाच्या वड्या, हलकं जेवण (उपाशीपोटी मळमळ वाढते), आणि डॉक्टरांना विचारून प्रवासाची गोळी. ॲव्होमिनसारखी गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो, ती आधीच घ्यायची असते. तिने गुंगी येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना ती चालत नाही. त्यामुळे आईंच्या डब्यातली गोळी बाबांनाही दिली, असं परस्पर करू नका. क्षितिजाकडे नजर ठेवली की मळमळ उतरते हे खरं आहे, आणि बाल्कनीचा तेवढा फायदा आहे. पण तो फायदा मोकळ्या डेकवरच्या खुर्चीतही तितकाच मिळतो.

कोंडल्यासारखं होण्याची भीती ही मळमळीपेक्षा वेगळी गोष्ट आहे आणि ती तुम्ही बरोबर ओळखलीत. इनसाइड केबिन साधारण १५० ते १७० चौरस फुटांची, बाथरूम त्यातच. दिवा मालवला की मिट्ट काळोख. तरुणांना झोपेसाठी तो आवडतो. वयस्कर माणसाला मात्र रात्री उठल्यावर दार कुठे, बाथरूमचा उंबरा कुठे, काही कळत नाही. उंबरा म्हणतोय तो खराच. जहाजावर बाथरूमच्या दाराला काही इंचांची उंच कड असते आणि ज्येष्ठ मंडळी अडखळतात ती तिथेच. इनसाइड ठेवणार असाल, तर बॅटरीचा छोटा नाइट लॅम्प न्या. टीव्हीवर बहुतेक जहाजांत पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनेल असतं, ते आवाज बंद करून लावून ठेवलं की बाहेर उजाडलंय का ते दिसतं. एक्स्टेन्शन बोर्ड, इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री मात्र नेऊ नका. आगीच्या भीतीने चढतानाच काढून घेतात.

आणि इनसाइड व बाल्कनी यांच्या मधली एक पायरी तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही : ओशन व्ह्यू. मोठी काच, उघडत नाही, पण समुद्र दिसतो, दिवस-रात्र कळते. या खोल्या बहुधा खालच्या मजल्यांवर असतात, म्हणजे आईंसाठी उलट चांगल्याच. इनसाइडच्या मानाने त्यांचा फरक बाल्कनीइतका मोठा नसतो. एजंटकडून याचा दर नक्की मागा. ‘मध्यावरची, काचेसमोर काही आडवं न आलेली ओशन व्ह्यू’ आणि ‘टोकाची बाल्कनी’ यांत निवडायची वेळ आली, तर आई-बाबांसाठी पहिली घ्या.

बाल्कनीच घ्यायचं ठरलं, तर ती कसली बाल्कनी हे पैसे भरण्याआधी विचारायचं. लाइफबोटी टांगलेल्या मजल्याच्या लगेच वरची बाल्कनी असेल तर खाली बघितल्यावर समुद्राऐवजी नारिंगी बोटींची छतं दिसतात. अशा खोल्यांना ‘ऑब्स्ट्रक्टेड’ म्हणतात आणि त्या स्वस्तही असतात, पण अपग्रेडच्या नावाखाली पूर्ण दराने गळ्यात पडू शकतात. काही मोठ्या जहाजांवर बाल्कनी आतल्या चौकाकडे उघडते. तिथून दुकानं आणि बाग दिसते, समुद्र नाही. तुमचं जहाज तसं नसेलही, पण वाक्य लेखी असू द्या : बाहेर, समुद्राकडे, अडथळा नसलेली.

यापेक्षाही जास्त लोक फसतात ते ‘गॅरंटी’ या शब्दाला. कानाला तो भरवशाचा वाटतो. त्याचा खरा अर्थ एवढाच की प्रकार नक्की, खोलीचा नंबर कंपनी शेवटी देईल. म्हणजे सगळ्यांनी निवडून उरलेली खोली. तरुण जोडप्याने ती खुशाल घ्यावी, पैसे वाचतात. तुमच्या घरी मात्र एकाला मळमळीसाठी मध्यावर हवं, दुसऱ्याला गुडघ्यांसाठी लिफ्टजवळ हवं, आणि रात्री काही लागलं तर तुम्ही समोरच हव्यात. बोली लावून मिळणारं अपग्रेडही याच कारणाने टाळा. बोली लागली तर आई-बाबा चार मजले वर आणि तुम्ही खाली, असं होऊ शकतं, आणि तेव्हा तक्रारीला जागा नसते. फुकट मिळणारं अपग्रेडसुद्धा कधी कधी मध्यावरून टोकाला नेऊन ठेवतं. म्हणून नंबर मनासारखे मिळाल्यावर एजंटला बुकिंगवर ‘नो अपग्रेड’ अशी नोंद करायला सांगा.

नंबर कळला की जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, इंटरनेटवर उघडा. तो प्रत्येक जहाजाचा मिळतो. फक्त आपला मजला बघून थांबू नका, वरचा आणि खालचाही बघा. वर तलावाचा किंवा बुफेचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली थिएटर किंवा नाचाची जागा असेल तर रात्री बारापर्यंत धडधड चालते. नकाशावर जिथे नुसती पांढरी जागा असते, तिथे बहुतेक कर्मचाऱ्यांचं सामान, ट्रॉल्या आणि सतत उघड-बंद होणारी दारं असतात. वर खोल्या आणि खाली खोल्या ही सर्वांत शांत जागा. लिफ्टपासून चार-पाच दारं दूर असावं. अगदी लगत नको, कारण तिथे लोक गप्पा मारत उभे राहतात.

बाबांना कधी व्हीलचेअर लागत असेल, अगदी विमानतळापुरतीच का होईना, तर हे आत्ताच सांगा. साध्या केबिनचं दार जेमतेम बावीस-तेवीस इंचांचं असतं, नेहमीची व्हीलचेअर त्यातून आत जात नाही. रुंद दाराच्या, बाथरूमला उंबरा नसलेल्या आणि धरायला दांडे असलेल्या खोल्या मोजक्याच असतात आणि लवकर संपतात. गरज असेल तर त्यापुढे बाल्कनीचा विचार दुय्यम आहे. आणखी एक : फुकेतला जहाज पातोंगसमोर नांगर टाकून उभं राहिलं, तर लहान बोटीने किनाऱ्यावर जावं लागतं आणि त्या बोटीत चढणं-उतरणं गुडघ्यांना जड जातं. पेनांगला तसं नाही. तिथे जहाज जॉर्ज टाउनच्या स्वेटनहॅम धक्क्याला लागतं आणि २००८ पासून जागतिक वारशात असलेला तो जुना भाग धक्क्याला लागूनच आहे. फुकेतचा दिवस आई-बाबा जहाजावरच काढण्याची शक्यता आहे. मग वरच्या हिशोबातले सात तास त्यांच्या खोलीच्या वाट्याला परत येतात.

बाल्कनीत कधी बसता येईल याचाही अंदाज घ्या. तिथे डिसेंबरातही दुपारी ३० अंशांच्या आसपास तापमान आणि दमट हवा असते. शिवाय सिंगापूरचा डिसेंबर पावसाचा, त्यामुळे निघतानाची संध्याकाळ ओली असू शकते. खरी बसायची वेळ सकाळची आणि सूर्य कलल्यावरची. इथे एक गंमत आहे. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे आणि सूर्य तिथे सातच्या सुमारास उगवतो. पुण्यात पाचला उठणारे बाबा तिथे सवयीने साडेसातला जागे होतील, म्हणजे सूर्योदय उलटून गेलेला. सूर्योदय दाखवायचा असेल तर गजर लावा. बाजूसाठी मात्र जादा पैसे मोजू नका. जाताना जहाज वायव्येकडे जातं तेव्हा सूर्यास्त डाव्या बाजूला, येताना आग्नेयेकडे वळल्यावर उजव्या बाजूला. दोन्ही बाजूंना आपापली संध्याकाळ मिळते.

बाल्कनी आई-बाबांची असली तरी संध्याकाळचा चहा सगळ्यांचा तिथेच होईल, म्हणून मुलासाठी दोन सूचना. खुर्ची कठड्यापासून लांब, आणि दहा वर्षांचा मुलगा तिथे एकटा कधीही नको. आणि खोलीचं दार व बाल्कनीचं दार एकाच वेळी उघडं ठेवू नका. वारा आरपार जातो, जड दार फाटकन आपटतं, आणि बोटं चिरडतात ती अशाच वेळी.

आता तुमची स्वतःची खोली. तिला बाल्कनी नको, पण तिचा खरा प्रश्न वेगळाच आहे. चार माणसं, १६० चौरस फूट, एकच बाथरूम. दोघांचे पलंग छतातून खाली येतात, ते उघडल्यावर बॅगा ठेवायला जमीन उरत नाही. बाल्कनीची खोली घेऊनही हे फारसं सुटत नाही, कारण तिथे मुलांसाठी सोफा पलंग उघडला की बाल्कनीकडे जायची वाटच बहुधा अडते. म्हणून त्या ५४,००० ऐवजी एजंटला तिसऱ्या इनसाइड केबिनचा दर विचारा. एका खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाला सवलत असते, ती जाईल आणि मुलांचे दर वाढतील. तरी हा फरक बऱ्याचदा अपग्रेडच्या आसपास किंवा त्याहून कमी निघतो, आणि बदल्यात दुसरं बाथरूम मिळतं. प्रत्येक खोलीत बहुधा एक मोठं माणूस असावं लागतं : तुम्ही आणि मुलगी एकीत, यजमान आणि मुलगा दुसरीत. नववीतल्या मुलीला हे नक्की आवडेल.

यातलं काहीही करण्याआधी विमानाची तारीख मात्र तपासा. मुंबईहून रात्री निघून सकाळी सिंगापूरला उतरून त्याच दुपारी जहाजावर चढायचं, असा बेत असेल तर अपग्रेडचे पैसे आधी तिथल्या एका रात्रीच्या हॉटेलवर घाला. विमानाला चार-पाच तास उशीर झाला तर जहाज थांबत नाही, आणि रात्रभर जागलेले आई-बाबा पहिला अख्खा दिवस झोपून काढतील, खोली कसलीही असो.

हे वाचणाऱ्या आणि मुंबईहून गोव्याला दोन रात्रींच्या क्रूझला निघालेल्या मंडळींसाठी हिशोब सोपा आहे. सव्वासातची डेक्कन क्वीन साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला पोचते, तिथून बॅलार्ड पिअर जवळच. खोली हाती लागून सुटेपर्यंत चाळीसएक तास, त्यात दोन रात्री. तिथे इनसाइडच घ्या, मध्यावरची. एकट्याने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की खोलीचे दर दोघांचे धरलेले असतात, त्यामुळे अपग्रेडचा फरकही जवळपास दुप्पट पडतो.

तुम्ही एजंटला फोनवर न बोलता ईमेल करा. त्यात एवढंच लिहा : आई-बाबांच्या केबिनसाठी मध्यावरच्या, अडथळा नसलेल्या ओशन व्ह्यूचा आणि बाल्कनीचा असे दोन वेगळे दर, जीएसटी आणि टीसीएस (परदेशी सहलीच्या रकमेवर कंपनी आधीच घेते तो प्राप्तिकर) धरून, आमची केबिन इनसाइडच, त्यांच्याच मजल्यावर, समोर किंवा शेजारी, तिसऱ्या इनसाइडचा दर, आणि तिन्हींचे नक्की नंबर, गॅरंटी नको. टीसीएसची रक्कम पॅन लावून भरली तर प्राप्तिकर विवरणपत्रात वजा करून घेता येते, तेव्हा ती खर्चात न धरता वेगळी लिहून ठेवा. टिप आणि बंदराचे कर माणशी असतात. बाल्कनी घेतल्याने त्यात वाढ होते का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा, कारण स्वीटला (म्हणजे सर्वांत ऐसपैस, महागड्या खोलीला) टिप जास्त लागते आणि काही एजंट वरच्या बाल्कनीलाच स्वीट म्हणतात. उत्तरात नंबर आले की डेक प्लॅन उघडून वरचा-खालचा मजला बघा, बाबांना दुपारचा तो प्रश्न विचारा, आणि मग ३६,००० भरा.